कलियासोतच्या पुलावरचं सीमोल्लंघन

दसरा उद्यावर आला की कोलार रोडला झेंडूच्या ढिगांशेजारी आपट्याच्या फांद्या येऊन पडतात, आणि माझ्या अंगात येतं. म्हणजे देवी वगैरे नाही, निवडणूक येते. आता यंदा काही निवडणूक नाही, हे मला ठाऊक आहे. पण आमच्या मध्यप्रदेशात विधानसभेची निवडणूक येते तीच मुळी दिवाळीच्या आगेमागे, त्यामुळे आपट्याचं पान दिसलं की मला लाउडस्पीकर लावलेली रिक्षा ऐकू यायला लागते. नवरा म्हणतो, हिला औषध द्या. तो कामाला जातो मंडीदीपच्या कारखान्यात, तिथला मतदारसंघच वेगळा, जिल्हाही वेगळा. संध्याकाळी बसमधून उतरताना तिकडची हवा घेऊन येतो आणि मला भाजी देतात तशी निवडून निवडून देतो. बरा आहे बिचारा.

हे वेड मला नानांकडून आलं. नाना म्हणजे माझे वडील. मूळचे ग्वाल्हेरचे, सरकारी पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे, आणि नोकरीची सगळी वर्षं टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये काढली. दोन खोल्या, मागे पडवी, पुढे पेरूचं झाड, आणि भिंतीला भिंत लागून एक क्लार्क. ग्वाल्हेरला दसऱ्याला शमीची पानं लुटतात. भोपाळला आल्यावर नाना आपट्यावर आले, पण सीमोल्लंघन काही सोडलं नाही. दसऱ्याला गावाची वेस ओलांडायची, पलीकडून सोनं घेऊन यायचं, हे त्यांच्या रक्तातलं. आता प्रश्न असा, की भोपाळची वेस कुठली? जुन्या शहराच्या दरवाजांची नावं तेवढी उरलेली, बाकी गाव चहूकडे पसरत चाललेलं. नानांनी डोकं लढवलं आणि ठरवलं, आपली वेस म्हणजे आपला मतदारसंघ. जिथे आपलं मत संपतं तिथे आपलं गाव संपतं.

म्हणून दर दसऱ्याला दुपारी आम्ही चौघं एका स्कूटरवर निघायचो. मी पुढे उभी, दादा मध्ये दाबलेला, आई मागे एका बाजूला पाय टाकून, मांडीवर आपट्याची पिशवी. माता मंदिर, मग चूनाभट्टी, मग उतार, आणि खाली कलियासोत नदी. पाऊस नुकता संपलेला असायचा. धरणातून सोडलेलं पाणी वाहून गेलेलं, खडकांत डबकी उरलेली, काठाने कासाचं पांढरं गवत फुललेलं. पूल आला की नाना स्कूटर हळू करायचे आणि ओरडून सांगायचे की आता सगळ्यांनी श्वास धरा. का धरा, ते कधी कळलं नाही. पूल संपला की सोडायचा. पलीकडे पहिला वास यायचा तो पेरूच्या बागांचा.

कारण तेव्हा कोलार म्हणजे बागाच होत्या, शेतं होती, आणि बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांचा रस्ता. तिकडे कोण राहतं का, असं नाना नेहमी म्हणायचे. पहिल्या बागेच्या फाटकाशी एक राखणदार काका खाटेवर बसलेले असायचे. नाना त्यांना सोनं द्यायचे, पाया पडायला वाकायचे तर ते घाईने उठायचे. मग नाना तो प्रश्न विचारायचे, ज्यासाठी खरं म्हणजे एवढी सगळी यातायात असायची: "तुम्हारे यहाँ हवा किसकी है?"

काका दरवेळी गंभीर होऊन विचार करायचे आणि म्हणायचे, "साब, इधर तो अभी अमरूद की हवा है।" आणि टोपलीभर पेरू द्यायचे. निवडणूक असो नसो, नाना विचारणार, काका हेच सांगणार. परत येताना मी पुढे उभी राहून पेरू खायची आणि बिया थेट दादाच्या तोंडावर उडायच्या. एवढं सुख मला पुढे कुठल्याच प्रवासात झालेलं नाही.

आपला मतदारसंघ कसा दिसतो हे मी पुस्तकात नाही, परातीत शिकले. पोळ्या लाटायला लागले तेव्हा माझी एकही पोळी गोल व्हायची नाही. दुसऱ्या घरात मुलीला म्हणतात, पोळी आहे की नकाशा. आमच्या घरात नाना स्वयंपाकघरात येऊन ती पोळी उचलायचे, उजेडाला धरायचे आणि खूश व्हायचे. हे बघ, हा वरचा लचका तोडलाय ना, तो मोठा तलाव. ही फुगलेली बाजू कोटरा आणि नेहरूनगर, इथे वस्ती वाढतेय. हा जाड राहिलेला भाग चार इमली, तिथे मोठे साहेब राहतात, तो लवकर शिजत नाही. आणि ही मधली जागा जिथे भोक पडलंय, ते आपण. खालच्या कडेला नखाने एक रेघ ओढायचे, ती कलियासोत. मग त्या पोळीवर तूप सोडून अख्खा मतदारसंघ खाऊन टाकायचे. आई म्हणायची, बरं झालं ही जिल्हाधिकारी झाली नाही.

पुढे मतदारसंघांच्या रेघा नव्याने आखल्या. आम्ही आधी नुसते भोपाळ दक्षिण होतो, ते दक्षिण-पश्चिम झालो. एकीकडचा तुकडा गेला, दुसरीकडचा आला, शेजारी नव्या नावांचे मतदारसंघ उगवले, आणि कोलारकडचा भाग हुजूर नावाच्या लांबलचक मतदारसंघात गेला. नाना आठवडाभर वर्तमानपत्रातला नकाशा घेऊन बसले होते. शेवटी म्हणाले, नदी आपल्याला सोडून गेलेली नाही. आणि नावाबद्दल म्हणाले की ही सरकारी बढती आहे, हुद्दा लांब झाला, पगार तोच.

तशी आमच्या या जागेची गंमतच आहे. ही कुणाच्या बापाची नाही. इथले मतदार निम्मे सरकारी नोकर, त्यामुळे सरकारला आतून ओळखणारे. महागाई भत्ता अडकला की इथली हवा फिरते, क्वार्टरची छतं गळली की फिरते. एका पक्षाला डोक्यावर घेतील आणि पुढच्या खेपेला असं खाली ठेवतील की आवाजही होणार नाही. प्रचाराच्या दिवसांत उमेदवार गल्लीत आला की बायका त्याला आधी आत बोलवून गळणारा कोपरा दाखवायच्या, मग चहा. आम्ही पोरं बिल्ले गोळा करायचो, सगळ्या पक्षांचे, छातीवर एकत्र लावायचो. थंडीची पहिली चाहूल, ट्रंकेतून काढलेल्या स्वेटरचा डांबरगोळ्यांचा वास, डब्याच्या तळाशी उरलेला दिवाळीचा चिवडा, आणि त्या सगळ्यावरून रिक्षातला भसाडा आवाज. मतमोजणी व्हायची जुन्या जेलच्या आवारात. नाना म्हणायचे, हे बरं आहे, निवडून यायच्या आधीच सगळे एकदा जेलात जाऊन येतात.

नाना निवृत्त झाले. क्वार्टर सोडावी लागली. आणि घर कुठे घेतलं? पुलाच्या पलीकडे, कोलार रोडला, नेमकं जिथे पेरूच्या बागा होत्या तिथे. तिकडे कोण राहतं का म्हणणारा माणूस स्वतः तिकडे राहायला गेला. मग माझंही घर तिथेच झालं, दोन गल्ल्या सोडून. बागांच्या जागी आता ड्यूप्लेक्सच्या रांगा, कोचिंगच्या पाट्या, आणि रस्ता इतका रुंद की पलीकडे जायला नवस बोलावा लागतो. मात्र रात्री अजूनही कुणीतरी सांगतं की कलियासोतच्या जंगलातून वाघ येऊन गेला. नानांना त्या वाघाचा फार हेवा वाटायचा. दोन्ही मतदारसंघांत फिरतो, म्हणायचे, आणि त्याला कुणी विचारत नाही तुझं नाव कुठल्या यादीत.

कारण नानांचं आणि आईचं नाव टी. टी. नगरच्याच यादीत राहिलं होतं. पुढच्या वेळी बदलू, पुढच्या वेळी बदलू. पत्ता बदलला पण मत नाही, असं नाना मिशीला पीळ दिल्यासारखं सांगायचे, मिशी नसताना. मतदानाला ते जुन्या शाळेत जायचे. आणि सीमोल्लंघन? ते उलटं झालं. दसऱ्याला ते कोलारहून निघायचे, पूल ओलांडायचे आणि टी. टी. नगरमध्ये जाऊन जुन्या लोकांना सोनं द्यायचे. मी दरवर्षी भांडायची. म्हणायची, नाना, सीमोल्लंघन म्हणजे आपल्या वेशीबाहेर जाणं. तुम्ही आपल्याच घरात शिरता. हे सीमोल्लंघन नव्हे, हे माहेरपण आहे. ते म्हणायचे, मने, गाडी चालव.

आता सांगते तो दसरा, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले. गेल्या विधानसभेच्या वेळचा.

त्या पावसाळ्याच्या शेवटी मतदारयादीचं काम लागलेल्या एक शिक्षिका नानांच्या गल्लीत घरोघर फिरत होत्या. उन्हाने लाल झालेल्या, पायात साध्या चपला, हातात कागद. नानांच्या घरी आल्या, पाणी प्यायल्या, आणि इथे राहणाऱ्या दोघांची नावं इथल्या यादीत नाहीत म्हणून चौकशी केली. नानांनी अभिमानाने सगळं सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अंकल, जहाँ सोते हो, वोट वहीं का होता है।"

नाना म्हणाले, "सोता यहाँ हूँ, जागता टी. टी. नगर में हूँ।"

बाई हसल्या, पण हटल्या नाहीत. तिकडची क्वार्टरं पाडली आहेत, तिकडच्या यादीतून अशी नावं निघणार, इथे अर्ज केला नाही तर दोन्हीकडून जाल, मुदत संपायला थोडे दिवस आहेत, मी दसऱ्यानंतर पुन्हा येईन, असं सांगून गेल्या. चूक काहीच नव्हती त्यांची. नाना मात्र जेवले नाहीत नीट.

आई त्याच दिवशी अर्ज भरून मोकळी झाली. तिचं म्हणणं, शाळेतली रांग आणि तिचे गुडघे यांचं कधी पटलंच नाही, आणि इथलं केंद्र देवळामागे आहे, भजनाहून येता येता मत देता येईल. खरं तर आईने पूल केव्हाच ओलांडला होता. तिची भिशी इथे, वाणी इथे, भांडायला शेजारीण इथे. नानांचं कोलारमध्ये काहीच नव्हतं. इतकी वर्षं राहून शेजारच्या घरात कोण राहतं हे त्यांना गाडीच्या रंगावरून माहीत. संध्याकाळी फिरायला जायचे तेही पुलाच्या दिशेने, आणि पुलापर्यंत जाऊन थांबायचे.

मला काळजी होती, ती याची. नाव हललं नाही तर ज्या माणसाने आजवर एक मत चुकवलं नाही, तापात चुकवलं नाही, त्याचं मत या खेपेला हुकणार. आणि जबरदस्तीने हलवलं तर नाना कुठलेच राहणार नाहीत. टी. टी. नगरचे नाहीत आणि कोलारचे तर नव्हतेच. मी अर्ज काढला की ते विषय भाजीवर न्यायचे. आई म्हणाली, दसरा होऊ दे, तोवर बोलू नकोस.

दसऱ्याला ते सकाळपासूनच तयार, पांढरा सदरा, हातात सोन्याची पिशवी. मी गाडी काढली. पुलावर मी सवयीने श्वास धरला, त्यांनीही धरलेला मला आरशात दिसला. नदीत तीच डबकी, तोच कास. टी. टी. नगरला पोचलो तर आमच्या गल्लीच्या जागी पत्र्याचं कुंपण, आत क्रेन, उंच उठलेले खांब. ज्यांना सोनं द्यायचं ती माणसं एकेक करून मुलांकडे, दुसऱ्या शहरांत, दुसऱ्या कॉलन्यांत गेलेली. मागच्या वर्षीपर्यंत दोन घरं तरी होती. शाळेचं फाटक सुट्टी म्हणून बंद. नाना पिशवी धरून फुटपाथवर उभे होते आणि मला वाटलं, आता हे रडले तर मी काय करू.

कोपऱ्यावरची चहाची टपरी तेवढी जागेवर होती. ती चालवणाऱ्या म्हातारबाबांच्या जागी त्यांचा मुलगा बसलेला, दाढीत पांढरे केस आलेला. नानांनी त्याला सोनं दिलं. त्याने ते दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावलं, चहा ओतला, आणि गाडीकडे, आमच्याकडे बघत भोपाळी सुरात विचारलं, "को खां चचा, कहाँ से आना हुआ?"

नाना म्हणाले, कोलारवरून. दुसरं काय म्हणणार?

"अच्छा, कोलार! आपके यहाँ हवा किसकी है?"

नाना चहाचा ग्लास तोंडाशी नेता नेता थांबले. मी त्यांच्याकडे बघत होते. हा प्रश्न त्यांचा होता. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्याला विचारला होता, पुलापलीकडच्या माणसाला. आज या बाजूचा माणूस त्यांना विचारत होता, आणि तो माणूस चुकीचं काहीच बोलत नव्हता. त्याच्या दृष्टीने ते पलीकडचेच होते.

"मालूम नहीं," नाना म्हणाले.

निवडणुकीच्या प्रश्नावर नानांच्या तोंडून हे दोन शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकले. चहावाला काही वाईट वाटून न घेता दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळला. नानांनी चहा संपवला. गाडीत बसले. माता मंदिर गेलं, चूनाभट्टी गेली, पिशवी मांडीवर तशीच भरलेली. मला वाटलं संपलं सगळं. उतार लागला आणि एकदम म्हणाले, "मने, हे लाजिरवाणं आहे. आपल्याला आपल्याकडची हवा ठाऊक नाही?"

मी म्हटलं, विचारलीत कुठे कधी.

पूल आला. मी श्वास धरला. नानांनी नाही धरला, ते बोलतच होते. या हुजूरचा आकार कसा आहे, एकीकडे हे नवे बंगले, दुसरीकडे बैरागढच्या बाजूचे व्यापारी, मध्ये सगळी खेडी, असा चंद्रकोरीसारखा पसरलाय शहराभोवती, हा तर दक्षिण-पश्चिमहून अवघड पेपर आहे, यात हवा एक असूच शकत नाही, इथे गल्लीगल्लीची वेगळी काढावी लागेल. आवाज चढत चालला होता. गल्लीच्या तोंडाशी म्हणाले, थांब, इथेच उतरतो.

मग मी पाहिलं ते असं. शेजारचं फाटक वाजवलं, इतकी वर्षं न वाजवलेलं. राखाडी गाडीवाले गृहस्थ बाहेर आले, त्यांच्या हातात आपट्याचं पान ठेवलं, हे काय ते समजावून सांगितलं, गळाभेट घेतली आणि विचारलं, हवा किसकी है. ते गृहस्थ निघाले मंडीदीपच्या कारखान्यातले निवृत्त इंजिनिअर आणि असे बोलके की बायकोने आतून दोनदा हाक मारली. तिथून पुढचं घर. मग इस्त्रीवाला. मग गुरखा. मग कोपऱ्यावरची भाजीवाली, तिने सोनं घेतलं आणि हवा नाही, टोमॅटोचा भाव सांगितला, नाना म्हणाले तीच तर हवा. मी गाडी चालत्या माणसाच्या वेगाने मागे मागे नेत होते आणि मला इतका आनंद झाला होता की हसू की रडू ते कळेना, मग दोन्ही केलं. आई गच्चीतून बघत होती. म्हणाली, काखेत कळसा आणि गावाला वळसा.

शिक्षिका बाई पुन्हा आल्या तेव्हा अर्ज भरून तयार होता, आणि वर नानांनी त्यांनाच सांगितलं की तिसऱ्या गल्लीतली दोन घरं तुमच्याकडून सुटली आहेत. मतदानाच्या दिवशी देवळामागच्या रांगेत नाना आणि आई सगळ्यात पुढे, तो इंजिनिअर मागे, डब्यातला चिवडा रांगेत फिरतोय. नानांनी बोटाची शाई सुकेपर्यंत हात वर धरून ठेवला होता. कोण निवडून आलं ते मी सांगत नाही, कारण नानांचा अंदाज पार चुकला आणि त्याचं त्यांना अजिबात दुःख झालं नाही. नवा मतदारसंघ आहे, म्हणाले, कळायला वेळ लागतो.

हे सगळं आज पुन्हा आठवलं, कारण आज दसरा. नाना ऐंशीच्या घरात आहेत, पण दुपारी फाटकाशी उभे होते, पांढरा सदरा, पिशवी. मी यंदा भांडले नाही, भांडायला काही उरलंच नव्हतं. निघालो. नदीला पाणी बरं आहे यंदा. पूल आला तसं नाना म्हणाले, श्वास धर. आम्ही दोघांनी धरला, पलीकडे चूनाभट्टीच्या चढावर सोडला.

टपरीशी गाडी लावली. क्रेन अजून आहे, खांबांना आता मजले आलेत. चहावाल्याने ओळखलं, फडक्याला हात पुसून पुढे आला. नानांनी त्याच्या हातात सोनं ठेवलं, गळाभेट घेतली, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून टी. टी. नगरच्या भर चौकात मोठ्याने विचारलं, "क्यों भाई, तुम्हारे यहाँ हवा किसकी है?"

तो हसला. "पहले आप बताओ चचा, आपके यहाँ?"

नानांनी बाकावर बैठक मारली, दोन चहा सांगितले, आणि "हमारे यहाँ..." म्हणून सुरुवात केली. मी गाडीचं इंजिन बंद केलं, कारण आता गल्लीगल्लीची हवा सांगून होईपर्यंत आम्ही काही हलत नव्हतो.